काळवंडणारी फुप्फुसे : एका मांडणशिल्पाचे परीक्षण

वायुप्रदूषण हा विषय हाताळणाऱ्या दृश्यकलेपुढची पहिली अडचण अशी की हवा दिसत नाही. धुरांडी किंवा तोंडाला मास्क लावलेले मूल रंगवता येते, पण तेथे हवा केवळ विषय असते. नोव्हेंबर २०१८ मध्ये दिल्लीच्या सर गंगाराम रुग्णालयात उभारलेल्या फुप्फुसांच्या मांडणशिल्पात हवा हेच रंगसाहित्य होते. हेपा गाळणीच्या पांढऱ्या कापडाची भव्य फुप्फुसे आणि मागे हवा ओढणारे पंखे, एवढीच रचना. काही दिवसांतच कापड काळे पडले.

मायकेल पिन्स्की यांच्या ‘पोल्यूशन पॉड्स’शी (२०१७) तुलना केली म्हणजे या कृतीचे बळ कळते. पिन्स्कींनी पाच घुमटांत लंडन, दिल्ली, बीजिंग, साओ पाउलो आणि नॉर्वेतील टाउट्रा येथील हवेचा आभास निरुपद्रवी द्रव्यांनी निर्माण केला. प्रेक्षक तेथून बाहेर पडू शकतो. दिल्लीच्या फुप्फुसांसमोर उभा असलेला माणूस तीच हवा घेत असतो.

तरीही ही प्रतिमा शब्दशः घेऊ नये. गाळणी म्हणजे फुप्फुस नव्हे. श्वसनमार्गातील श्लेष्मा आणि सूक्ष्म रोम बरीच धूळ बाहेर लोटतात. अतिसूक्ष्म कण मात्र खोलवर जातात, काही रक्तातही उतरतात. शिवाय कापड किती लवकर काळे होईल हे पंख्यांच्या वेगावरही अवलंबून असते. (वृत्तपत्रांना मात्र पांढरे आणि काळे छायाचित्र शेजारी शेजारी छापणे फार सोयीचे!) ओझोन, कार्बन मोनॉक्साइड यांसारखे वायू गाळणीवर डागही सोडत नाहीत. म्हणजे काळा रंग प्रामुख्याने काजळीची साक्ष देतो, सगळ्या प्रदूषणाची नव्हे.

माझा मुख्य आक्षेप वेगळा आहे. ही कृती जखम दाखवते, घाव कोणाचा ते सांगत नाही. दिल्लीत वाहने, बांधकामे, शेतातील पेंढा जाळणे, दिवाळीचे फटाके असे सगळेच त्या काळ्या रंगात मिसळते. त्यामुळे प्रेक्षक हळहळतो, पण जाब विचारायचा तो कोणाला? जानेवारी २०२१ मध्ये नवी मुंबईतील खारघर येथे अशीच फुप्फुसे लावली गेली, तेव्हा हाच आकार अधिक नेमका ठरला, कारण तळोजा औद्योगिक वसाहत शेजारीच आहे आणि रहिवाशांचे बोट तिकडेच होते. हा नेमकेपणा जागेने दिला, शिल्पाने नव्हे. कापड दोन्हीकडे सारखेच काळे. तळोज्याचे नाव त्यावर उमटत नाही, ते पाहणाऱ्याला आधीच ठाऊक असावे लागते.