व्हीएलसीपर्यंत ठीक, पण ग्रोमॅक्सचं काय?

लॅबमध्ये नवीन आलेल्या कोणी लिनक्स कधी पाहिलंच नसेल, तर मी त्याला आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’मधला सिनॅप्टिक पॅकेज मॅनेजरचा पाठ बघायला सांगतो. मराठीत आहे, फुकट आहे, विरार लोकलमध्ये उभ्या उभ्याही बघून होतो. परवा फुलपाड्याला घरी बसून तो पुन्हा नीट बघितला. पाठ चांगला आहे, पण माझी एक तक्रार आहे.

आधी चांगलं सांगतो. इंटरनेट हवं, अ‍ॅडमिनचा पासवर्ड हवा, कॉलेजच्या नेटवर्कवर प्रॉक्सी भरावी लागते, हे सगळं क्रमाने येतं. मग व्हीएलसी शोधा, खूण करा, ‘अप्लाय’ दाबा. शेजारच्या खिडकीत आपणही तेच करत जायचं. पाठ उबंटू 10.04 वरचा आहे आणि 11.10 पासून उबंटूसोबत सिनॅप्टिक येत नाही, ते वेगळं टाकावं लागतं. पण त्याबद्दल तक्रार नाही, 16.04 साठी वेगळा पाठ आलाच.

तक्रार एका क्लिकची आहे. व्हीएलसीवर खूण केली की एक यादी समोर येते: सोबत ही पॅकेजेसही बसतील. पाठ ‘मार्क’ दाबून पुढे जातो. मला वाटतं, तिथे दोन मिनिटं थांबायला हवं होतं. एक लायब्ररी अनेक प्रोग्रॅम वाटून वापरतात, म्हणून ती यादी येते. आणि त्या लायब्रऱ्यांच्या आवृत्त्या आपण नाही, डिस्ट्रिब्युशनने ठरवलेल्या असतात. उबंटू 22.04 घेतलं की पायथन 3.10 मिळतो, डेबियन 12 घेतलं की 3.11. म्हणजे सिस्टिम निवडली तेव्हाच बरंचसं सॉफ्टवेअरही निवडून झालं.

सिनेमा बघायला याने काही बिघडत नाही. संशोधनात बिघडतं. पहिल्या वर्षी मी ग्रोमॅक्स (रेणूंच्या हालचालींचं गणित करणारा प्रोग्रॅम) असाच एका क्लिकवर बसवला. चालला, पण हळू. लॉग फाइलमध्ये ग्रोमॅक्स स्वतः सांगत होता, ‘मी एसएसई2 साठी बनवलेला आहे, या प्रोसेसरवर एव्हीएक्स2 बरं पडेल.’ तयार पॅकेज जुन्या मशीनवरही चालावं म्हणून तसं बनवलेलं असतं. मी ती ओळ कित्येक महिने वाचलीच नाही. शेवटी सोर्सवरून कंपाइल केला. चूक माझीच, पण निवड करायची असते हेच कोणी शिकवलं नव्हतं.

डेबियन 12 (2023) मध्ये सिस्टिमच्या पायथनमध्ये पिपने काही टाकायला गेलं तर पिप अडवतो आणि व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करायला सांगतो. मुलं नेटवरून ती अडवणूक मोडायचा पर्याय शोधून चिकटवतात. अडवलं का, हे माहीत नसेल तर दुसरं काय करणार?

म्हणून पाठ बघाच, पण ‘मार्क’ दाबण्याआधी वहीत तीन गोष्टी लिहा: आवृत्ती कुठली, आली कुठून, आणि दुसऱ्या मशीनवर हेच पुन्हा कसं बसवणार. पेपरमध्ये ‘आम्ही ग्रोमॅक्स वापरला’ एवढं लिहून भागत नाही. परीक्षक विचारतात, कुठला?