नवी गाडी आली म्हणजे नेमकं काय आलं?

(किन्हीराजा, ता. मालेगाव, जि. वाशीम येथे गाडगेबाबांच्या पुण्यतिथीच्या आठवड्यात, डिसेंबर २०२५ मध्ये झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आज आम्ही मुंबईच्या मोनोरेलवर बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, सरांना काय झालं? किन्हीराजाहून रेल्वे पकडायची तर आधी वाशीम नाहीतर अकोला गाठावं लागतं, आणि हे इथे बसून मोनोरेलच्या गोष्टी सांगतात. पण याला दोन कारणं आहेत. पहिलं असं, की या मोनोरेलच्या एका टोकाच्या स्थानकाचं नाव आहे संत गाडगे महाराज चौक. जेकब सर्कल म्हणतात तो चौक. शेंडगावात जन्मलेला आपला वऱ्हाडचा माणूस तिथे पाटीवर आहे. दुसरं कारण आपल्या जिल्ह्यातलं, कारंज्याचं आहे. त्याच्याकडे शेवटी येऊ.

आधी वस्तुस्थिती. मोनोरेल म्हणजे एकाच काँक्रीटच्या तुळईवर, रबरी चाकांवर चालणारी गाडी. चेंबूर ते वडाळा हा पहिला टप्पा फेब्रुवारी २०१४ मध्ये सुरू झाला. त्या पहिल्या दिवसांत लोक पोराबाळांना घेऊन नुसती चक्कर मारायला गेले होते, जत्रेतल्या पाळण्यात बसतात तसे. वडाळा ते संत गाडगे महाराज चौक हा दुसरा टप्पा मार्च २०१९ मध्ये आला. मधल्या काळात, ९ नोव्हेंबर २०१७ ला पहाटे म्हैसूर कॉलनी स्थानकात एका गाडीचे दोन डबे जळाले. गाडी रिकामी होती म्हणून निभावलं. सेवा पुन्हा सुरू व्हायला सप्टेंबर २०१८ उजाडला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात परदेशी कंत्राटदार कंपनी बाहेर पडली आणि प्राधिकरणाने, म्हणजे एमएमआरडीएने, कारभार आपल्या हातात घेतला. गाड्या त्या कंपनीच्या, आणि कंपनी गेलेली. सुटे भाग मिळेनात. मग एका गाडीतून काढायचे आणि दुसरीला बसवायचे.

आता १९ ऑगस्ट २०२५. मुंबईत तुफान पाऊस, हार्बरची लोकल बंद. एरवी जिच्याकडे कोणी फारसं फिरकत नव्हतं त्या मोनोरेलकडे हजारो लोक वळले. म्हैसूर कॉलनी आणि भक्ती पार्कच्या दरम्यान गाडी थांबली. दिवे गेले, हवा बंद, खिडक्या उघडत नाहीत. अग्निशमन दलाने शिड्या लावून साडेपाचशेहून जास्त माणसं खाली उतरवली. त्याला काही तास लागले. पुढे सप्टेंबरात आणखी एकदा गाडी अडकली, आणि २० सप्टेंबरपासून सेवाच थांबवण्यात आली. सांगितलं असं, की नव्या गाड्या येताहेत, नवी सिग्नल यंत्रणा येते आहे, थोडा धीर धरा.

तर आमचं आजचं टीकेचं लक्ष्य ना ती गाडी, ना ते प्राधिकरण. आम्हाला तपासायची आहे ती ही आशा: नव्या गाड्या आल्या की सगळं ठीक होईल. तिच्या पोटात तीन गृहीतं आहेत. एकेक करून बघू.

पहिलं गृहीत: जुन्या गाड्या जुन्या झाल्या म्हणून बंद पडल्या.

हिशेब करा. २०१४ ते २०२५ म्हणजे अकरा वर्षं. आगगाडीच्या आयुष्यात अकरा वर्षं म्हणजे उमेदीचा काळ. जर्मनीतल्या वुपरटाल गावात १९०१ पासून एका रुळाला टांगलेली गाडी चालते. तिथे १९७० च्या दशकात आलेले डबे चाळीसहून अधिक वर्षं चालले. अमेरिकेत फ्लोरिडाला वॉल्ट डिस्ने वर्ल्ड म्हणून करमणुकीचं मोठं ठिकाण आहे. तिथली मोनोरेल १९७१ ची, आणि तिच्यावर धावणाऱ्या गाड्या १९८९ ते १९९१ च्या सुमाराच्या. त्याही थकल्यात, तिथलेही लोक नव्याची वाट बघतात. पण तीस वर्षं उलटल्यावर! मग आपल्या गाड्या अकराव्या वर्षी म्हाताऱ्या कशा झाल्या?

आमचं म्हणणं असं, की ती गाडी म्हातारी नव्हती, पोरकी झाली होती. जिने बनवली ती कंपनी गेली, जिला तिच्या पोटातलं माहीत होतं ती माणसं गेली, भाग कुठून आणायचे तो पत्ता गेला. वय झालं की बदल हाच उपाय. पण पोरकेपणावर तो उपाय नाही. पोरक्या गाडीच्या जागी दुसरी आणली आणि व्यवस्था तीच ठेवली, तर काही वर्षांनी तीही पोरकीच होणार. म्हणजे निदान चुकलं की औषध चुकतं. हे सांगायला तत्त्वज्ञानातली डॉक्टरेट लागत नाही, आपल्या गावातले जुने वैद्यही हेच सांगत.

दुसरं गृहीत: दोष गर्दीचा होता.

१९ ऑगस्टच्या घटनेचं कारण असं दिलं गेलं: गाडीची क्षमता १०४ टन, वजन झालं १०९ टन, त्यामुळे वीजपट्टीशी असलेला संपर्क तुटला. ठीक आहे. यंत्राच्या भाषेत हे खरं असेल. पण पाच टन म्हणजे किती माणसं? माणशी साठ किलो धरा, साधारण ऐंशी. आता तर्काचा साधा प्रश्न विचारू. ही ऐंशी माणसं दारातून आत आली. भर पावसात, घरी पोचायला दुसरं साधन नाही म्हणून आली. त्यांच्यातल्या कोणाला कळणार होतं, की आपण एकशेपाचव्या टनातले आहोत? ते कळण्याची जागा फलाटावर होती, आणि दार लावून ‘आता पुढच्या गाडीने या’ म्हणणाऱ्या माणसाकडे होती. आणि हो, पुढची गाडी येण्याकडेही होती.

इथे भाषेची एक चलाखी होते, ती आम्हाला खटकते. ‘गर्दीमुळे गाडी बंद पडली’ या वाक्यात कर्ता कोण? गर्दी. म्हणजे ज्यांची सुटका करावी लागली तेच आरोपी झाले. कारण आणि जबाबदारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घराला आग लागली, तिचं कारण ठिणगी असेल, पण जबाबदारी उघडी तार तशीच ठेवणाऱ्याची असते. आणि वजन मोजून दार लावायला नवी गाडी लागत नाही. त्याला पगारी माणूस लागतो, आणि ‘नाही’ म्हणायचा त्याला दिलेला अधिकार लागतो.

तिसरं गृहीत: गाडी म्हणजे डबे.

हे सगळ्यात खोल आहे. ग्रीकांची एक जुनी गोष्ट प्लुटार्कने नोंदवली आहे. अथेन्सच्या लोकांनी थेसियस या वीराचं जहाज जपून ठेवलं. फळी कुजली की नवी बसवायची. मग वाद सुरू झाला, की सगळ्या फळ्या बदलल्यावर ते तेच जहाज राहिलं का? आपल्याकडे पाली भाषेतल्या ‘मिलिंदपन्हो’ ग्रंथात नागसेन भिक्खू राजा मिलिंदाला असाच पेच घालतो. महाराज, तुम्ही रथातून आलात. मग आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. शेवटी ठरतं, की हे सगळं एकत्र येतं त्याला व्यवहारात रथ हे नाव.

आम्ही वर्षानुवर्षं हा संवाद वर्गात शिकवला. एक गोष्ट आमच्या फार उशिरा लक्षात आली. रथाच्या त्या यादीत आसाला वंगण घालणारा नाही. जहाजाच्या गोष्टीत तो आहे, पण नुसता ‘अथेन्सचे लोक’ म्हणून. खरं पाहिलं तर कुजलेली फळी ओळखणारी, ती वेळेवर बदलणारी माणसं होती म्हणून ते जहाज टिकलं. ती माणसं उठून गेली असती तर वादाला जहाजच उरलं नसतं.

वुपरटालचंच पुढे ऐका. त्यांनी २०१६ च्या अखेरीपासून नवे डबे आणले. आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये काय झालं? तीनशे-साडेतीनशे मीटर लांबीची वीजपट्टी निखळून खाली पडली. डबे नवे होते, पण सेवा ऑगस्ट २०१९ पर्यंत बंद. नंतर ती पुन्हा सुरू झाली, कारण त्या गावाने एकशेवीस वर्षं ती गाडी आपली मानली आहे. आपल्याकडेही ५ नोव्हेंबर २०२५ ला वडाळ्याजवळ चाचणीच्या वेळी नव्या गाडीचा पुढचा डबा तुळईवरून कलला, कर्मचारी जखमी झाले. यावर आम्ही हसणार नाही. चाचणी असतेच दोष सापडावेत म्हणून. पण ‘नवं’ या शब्दात सुरक्षितपणा आपोआप येत नाही, एवढं त्यातून घ्यावं.

एक गोष्ट मात्र मोकळेपणाने मान्य करू. नव्या गाड्या हैदराबादच्या कंपनीने देशातच बांधलेल्या आहेत. भाग जवळ मिळतील, दुरुस्तीचं ज्ञान आपल्या भाषांत, आपल्या माणसांत राहील, ही शक्यता खरी आहे. पोरकेपणावर हा निम्मा इलाज आहे. उरलेला निम्मा, म्हणजे रोजची निगा, फेऱ्यांची संख्या, स्थानकापासून लोकलपर्यंतची वाट, हे गाडीबरोबर खोक्यात घालून येत नाही.

आता कारंजा.

मूर्तिजापूर ते यवतमाळ आणि मूर्तिजापूर ते अचलपूर, आपली शकुंतला. अडीच फुटी रूळ. यवतमाळच्या फाट्यावर आपलं कारंजा, अचलपूरच्या फाट्यावर अंजनगाव. मँचेस्टरला १९२१ साली बांधलेलं वाफेचं इंजिन सत्तरेक वर्षं तिला ओढत होतं. लहानपणी आम्ही ते पाहिलंय. मूर्तिजापुरात गाडी उभी राहिली की एक खलाशी तेलाची कुप्पी घेऊन चाकाचाकापाशी वाकायचा. गाडी चुकली तरी चालेल, पण एक चाक त्याच्या हातून सुटायचं नाही. त्याचं नाव आम्ही कधी विचारलं नाही.

एप्रिल १९९४ मध्ये वाफेचं इंजिन गेलं, डिझेल आलं. म्हणजे नवं आलं! आपण आनंदलो. पण रूळ जुने, पूल जुने, लाइनची मालकी ब्रिटिश काळातल्या खासगी कंपनीची आणि चालवणारी रेल्वे. खर्च कोणी करायचा हे घोंगडं भिजत राहिलं. नवं इंजिन त्या लाइनला वाचवू शकलं नाही. गेल्या दशकात गाडी थांबली. रुंदीकरणाच्या घोषणा ऐकतो आहोत, आशा तीच आहे.

आणि इथे टीका आमच्यावरही येते, मंडळी. शकुंतलेवर गहिवरून बोलणारे आम्ही, तिच्यात शेवटचं कधी बसलो? आठवत नाही. यष्टी लवकर पोचवायची म्हणून आम्ही यष्टीने गेलो. त्यात गैर काही नाही. पण गाडी मरत असताना आम्ही प्रवासी म्हणून गेलो नाही, नागरिक म्हणून पत्र लिहिलं नाही, आणि बंद पडल्यावर मात्र आठवणी काढत बसलो. ‘नवं येईल तेव्हा बघू’ म्हणणारा आणि ‘जुनं किती छान होतं’ म्हणणारा, दोघेही आजच्या कामातून सुटका करून घेतात. आम्ही दुसऱ्या जातीचे दोषी.

(व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारले: “सर, मंग तुमचं म्हननं काय, नवी गाडी आनूच नाई का?”)

नाही नाही, आणावीच. साडेपाचशे माणसं परत तशी अडकावीत असं कोण म्हणेल? जुन्या गाड्या बदलायलाच हव्या होत्या. आमचं म्हणणं आशा सोडा असं नाही. ती कशाला बांधायची एवढाच प्रश्न आहे. फीत कापायच्या दिवशी सगळे टाळ्या वाजवतात. त्या दिवशी तीन प्रश्न विचारावेत. बाराव्या वर्षी हिचे सुटे भाग कोण देणार? रोज रात्री हिला तपासणार कोण, आणि तो कायमचा माणूस आहे की सहा महिन्यांच्या कंत्राटावरचा? बिघाड झाला तर त्याचं कारण लोकांना लेखी कळणार का? उत्तरं मिळाली तर आशा ठेवायला जागा आहे. हेच प्रश्न गावात पाण्याचं नवं यंत्र बसतं तेव्हाही विचारा, शाळेत नवे संगणक येतात तेव्हाही विचारा.

गाडगेबाबा गावात आले की आधी झाडू हातात घेत, कीर्तन रात्री. आपण क्रम उलटा केलाय. आधी कीर्तन, तेही मोठ्या मांडवात, आणि झाडायला कोणी नाही. मुंबईच्या त्या स्थानकाला बाबांचं नाव दिलंय ते चांगलंच झालं. नव्या गाड्या तिथवर नीट पोचोत, आणि त्या रात्री वडाळ्याच्या डेपोत त्यांच्या चाकापाशी कोणीतरी वाकलेला असो.