बदलीवर आलेला शिपाई

आम्हां बँकवाल्यांना बदली या विषयातलं कळतं. साहित्यातलं फारसं कळत नाही, चित्रकलेतलं तर मुळीच नाही. पण एखादा माणूस या गावाहून त्या गावी गेला की त्याचं काय बदलतं आणि काय तसंच राहतं, यावर मी तासभर बोलू शकतो. (बोलतोही. आमची ही म्हणते, तेवढा वेळ काउंटरवर हात चालवलात तर रांग तरी हलेल.) आज मी जी समीक्षा करणार आहे ती एवढ्याच अधिकारावर. समीक्षेचा विषय आहे, साडेनऊ सेंटिमीटर उंचीचा एक प्लॅस्टिकचा शिपाई.

गेल्या दिवाळीत माळा आवरताना तो श्रीखंडाच्या एका जुन्या डब्यात सापडला. आमच्या चिरंजिवांनी, वय वर्षे बारा, त्याला उलटासुलटा केला, फोनवर त्याच्या भाऊबंदांचे फोटो काढून पाहिले आणि निकाल दिला, "बाबा, हा डुप्लिकेट आहे. ओरिजिनलचा रंग वेगळा आहे."

ज्या शिपायाने वसईचा किल्ला सलग चार दिवाळ्या लढवला, तो डुप्लिकेट? मी हातातला झाडू खाली ठेवला. वसईवाल्याने झाडू खाली ठेवला की समजावं, आता इतिहास ऐकावा लागणार.

तर या शिपायाचं नाव जी. आय. जो. मूळ गाव अमेरिका. तिथल्या हॅस्ब्रो कंपनीने १९६४ साली त्याला प्रथम काढला तेव्हा तो चांगला बारा इंचांचा होता आणि कपडे बदलता येतील असा होता. म्हणजे खरं तर बाहुलीच. पण बाहुली म्हटलं तर मुलगे हात लावायचे नाहीत, म्हणून कंपनीने तिला 'अ‍ॅक्शन फिगर' असं नाव दिलं. आमच्याकडे शिपायाला 'सब-स्टाफ' म्हणतात, त्यातलाच प्रकार. पुढे १९८२ साली त्याला आटवून पावणेचार इंचांचा केला आणि एका शिपायाची अख्खी पलटण झाली. प्रत्येकाच्या पुठ्ठ्यामागे त्याचं नाव, हुद्दा, जन्मगाव आणि स्वभाव छापलेला. ही माहिती लिहायचे लॅरी हामा नावाचे गृहस्थ, जे स्वतः सैन्यात राहून आलेले होते. आमच्या कित्येक खातेदारांची केवायसी इतकी पूर्ण नाही.

आता बदलीचा हुकूम. मद्रासच्या टायरवाल्या एमआरएफने हॅस्ब्रोशी भागीदारी करून १९८७ साली फनस्कूल ही कंपनी काढली. कारखाना गोव्यात. त्या काळी परदेशी खेळणी बाहेरून आणणं जवळजवळ बंदच होतं. कोणाचा मामा दुबईला असला तरच ती दिसायची, आणि तीही शोकेसच्या काचेतून. तेव्हा शिपाई आणता येत नव्हता, पण शिपायाचा साचा आणता येत होता. पोलादाच्या या साच्यात वितळलेलं प्लॅस्टिक दाबून भरतात. हात वेगळे, पाय वेगळे, धड वेगळं. असा साचा करायला पैसा फार लागतो. अमेरिकेतल्या मुलांना दर वर्षी नवा शिपाई हवा, म्हणजे जुना साचा पडूनच राहणार. मी बी.कॉम. आहे, म्हणून मला ही गोष्ट कवितेसारखी वाटते: घसारा पूर्ण झालेली मालमत्ता, तिचं हिशेबातलं मूल्य शून्य, आणि ती हजारो मैलांवर पोरांच्या हाती शिपाई देतेय. ब्राझील आणि अर्जेंटिनातही असेच शिपाई निघाले. अमेरिकेत ही मालिका १९९४ साली बंद पडली, तरी आपल्याकडे तिचे जवान त्यानंतरही काही वर्षं भरती होत राहिले.

साचा तोच, पण रंग इथला. समीक्षकाने इथे प्रामाणिक राहिलं पाहिजे. तिकडे जो जंगलात लपायला हिरवा केलेला, तो इकडे असा झळाळून आला की जंगलातल्या माकडांनीही त्याला ओळख द्यावी. कुणाच्या कपड्यांचा रंग कुणाच्या अंगावर, असा सगळा कारभार होता. चिरंजिवांचं म्हणणं इथवर मला मान्य आहे.

पण मग मी त्याला एक प्रश्न विचारला. या पलटणीतला सगळ्यांत प्रसिद्ध गडी म्हणजे काळ्या मुखवट्याचा स्नेक आईज. तो १९८२ साली संपूर्ण काळा का निघाला, ठाऊक आहे? रंगाचा खर्च वाचवायला! एक शिपाई न रंगवताच पाठवून दिला आणि जगभरची पोरं म्हणाली, वा, काय गूढ माणूस आहे. हेडऑफिसने काटकसर केली की तिला धोरण म्हणतात, शाखेने केली की चूक. पुढे अमेरिकेतल्याच हौशी संग्राहकांनी आपले हे भलत्या रंगांचे शिपाई हौसेने मागवून घेतले, तेव्हा शाखेची चूकही धोरण ठरली.

आणि बदलीचं म्हणाल, तर सगळ्यांत मोठी बदली आपल्याच फौजेची झालेली आहे. चतुरंगाची सेना इथून इराणला गेली आणि पुढे युरोपात. जाताना राजाशेजारी मंत्री होता. युरोपने त्याची राणी केली आणि पंधराव्या शतकाच्या अखेरीस तिला असे अधिकार दिले की राजाला फक्त एक घर सरकायचं काम उरलं. याला म्हणतात बदलीत बढती. बिचाऱ्या हत्तीचा मात्र तिकडे बिशप झाला. कालपर्यंत सोंड हलवणारा आज प्रवचन करू लागला. आपण त्याच घरातल्या सोंगटीला उंट म्हणतो. आणि आज स्पर्धांत ज्या सोंगट्या चालतात, त्यांचा घाट १८४९ साली लंडनच्या जॅक्स कंपनीने बाजारात आणलेला, आणि त्या कोरणारे कितीतरी कारागीर आपल्या अमृतसरचे! आता यातला ओरिजिनल कुठला आणि डुप्लिकेट कुठला, हे कोणत्या रजिस्टरात बघायचं?

आमच्या शिपायाचंही असंच झालं. दिवाळीत आमच्या कंपाउंडमध्ये किल्ला व्हायचा तो अर्थात वसईचाच. बाकीच्या गावांना सिंहगड, रायगड निवडावा लागतो. आम्हांला खिडकीतून दिसतो तोच करायचा. लाल माती, पोत्याची तटबंदी, उतारावर अळीव पेरून केलेलं गवत. मावळे मातीचे, बाजारातून आणलेले. त्यांच्याविषयी समीक्षक म्हणून एवढंच सांगतो की चेहरा सगळ्यांचा एक, ढाल सगळ्यांची डाव्या हातात, आणि दव पडलं की मिशी वाहून हनुवटीवर यायची. पण त्या मातीवर ते उभे राहिले की तिथलेच वाटायचे. अडचण पोर्तुगीजांची होती. चिमाजी अप्पांनी १७३९च्या मे महिन्यात किल्ला घेतला तो कुणाकडून तरी घ्यायला हवा ना! बाजारात पोर्तुगीज मिळत नसत. तेवढ्यात मी परीक्षेत पास झालो आणि दादांनी हा शिपाई आणला. आम्ही पोरांनी चर्चा केली. गोरा आहे, बूट आहेत, बंदूक आहे आणि मुख्य म्हणजे गोव्याहून आलाय. झालं! अमेरिकेचा शूर वीर त्या संध्याकाळपासून पोर्तुगीज किल्लेदार म्हणून रुजू झाला. पुठ्ठ्यामागचं त्याचं जन्मगाव कोणी वाचलंसुद्धा नाही.

माझ्या मते खेळण्याची परीक्षा इथे होते. साच्याशी ते किती इमान राखतं याला महत्त्व नाही. नव्या जागी ते चार्ज घेतं की नाही, हे पाहायचं. वसई जिंकल्यावर इथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी नेऊन देवळांत बांधल्या. नाशिकची नारोशंकराची घंटा त्यांतलीच. तिला आज कोणी परकी म्हणत नाही. नाशिककर तर गोदेचा पूरसुद्धा त्या घंटेवरून मोजतात. उलट आजकाल दुकानात मिळणारा तयार किल्ला पाहा. बुरूज जागच्या जागी, मावळे ठरलेल्या जागी, माती नाही, चिखल नाही, भांडण नाही. जन्म इथला, नाव इथलं, पण त्याला पोरांनी करायचं काही शिल्लकच ठेवलेलं नाही. असा किल्ला मी मायदेशी राहूनही चार्ज न घेतलेला समजतो.

हे सगळं ऐकून चिरंजीव म्हणाले, "पण बाबा, याचा अंगठा कुठाय?"

अंगठा तिसऱ्या दिवाळीत सुरुंगात गेला. बुरूज उडवायला चिमाजी अप्पांनी सुरुंग लावले होते, तेव्हा आम्ही सुतळी बॉम्ब लावला. किल्लेदाराने नेमका हात वर केलेला होता.

"आणि कंबर अशी का लटकते?"

या शिपायांच्या पोटात एक रबराची कडी असते. धड आणि पाय तिच्याच जोरावर एकत्र राहतात. पाठीवर एक स्क्रू असतो. चिरंजिवांनी तो काढला. आत काळी कडी होती, वाळून तडकलेली आणि जरा जाडच. त्यांनी ती फोनवरच्या चित्राशी ताडून पाहिली. "हीपण ओरिजिनल नाही."

नव्हतीच. मूळची कडी मी इकडचे पाय तिकडे जोडण्याच्या नादात तोडली होती आणि दोन दिवस जेवलो नव्हतो. दादा तेव्हा चर्चगेटला नोकरीला. सकाळी विरार लोकलला लोंबकळत जायचे, रात्री तसेच परत. तिसऱ्या दिवशी रात्री आले ते सरळ बाहेरच्या दिव्याखाली जाऊन बसले. डबा, छत्री बाजूला ठेवली आणि खिशातून पाच-सहा वायसर काढले. एकेक लावून पाहिला. चौथा बसला. आईला म्हणाले, "दुकानदार विचारत होता, कुठल्या नळाला हवाय. काय सांगणार त्याला?" दादांना खेळण्यातलं काही कळत नव्हतं. परीक्षेत पास झालो तेव्हासुद्धा त्यांनी दुकानात बोट दाखवून 'तो द्या' एवढंच म्हटलं असणार.

दादांना जाऊन सहा वर्षं झाली. ती कडी मी पाकिटात ठेवली, तेव्हा चिरंजीव काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "चला ना बाबा, नवी आणू. किल्ल्याला पोर्तुगीज लागेलच."

संध्याकाळी आम्ही दोघं स्टेशनजवळच्या हार्डवेअरच्या दुकानात गेलो. दिवाळीची गर्दी होती. मी बोटांनी माप दाखवून एवढासा वायसर मागितला. दुकानदाराने बरणीत हात घालता घालता विचारलं, "कुठल्या नळाला?"

मी काय सांगावं याचा विचार करत होतो. चिरंजीव पुढे झाले आणि म्हणाले, "नळाला नाही काका. पोर्तुगीजाला."