जो प्रसंग चित्रित झाला नाही

मोबाइलवर चित्रित झालेल्या सिनेमांची चर्चा निघाली की बहुतेक वेळा कौतुक फोनचंच होतं. शॉन बेकरने ‘टँजरीन’ (२०१५) आयफोन ५एसवर केला, स्टीव्हन सोडरबर्गने ‘अनसेन’ (२०१८) आयफोन ७ प्लसवर. बेकरने फोनला वेगळी लेन्स जोडून चौकट रुंद केली आणि लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवर छोट्याशा चमूनिशी फिरला. हे सगळं खरं आहे. पण तरी या दोन्ही सिनेमांत पटकथा होती, नट होते आणि ‘कट’ म्हटल्यावर सगळे आपापल्या घरी जात होते.

हसन फाझिली या अफगाण दिग्दर्शकाला परत जायला घर नव्हतं. त्याने केलेल्या एका माहितीपटामुळे तालिबानने त्याला मारण्याचं फर्मान काढलं. पत्नी फातिमा हुसैनी (तीही दिग्दर्शिका) आणि नर्गिस व झहरा या दोन मुलींना घेऊन तो २०१५मध्ये देशाबाहेर पडला. ताजिकिस्तानने आश्रय दिला नाही. मग इराण, तुर्कस्तान, बल्गेरिया, सर्बिया असं करत हे कुटुंब हंगेरीपर्यंत पोचलं. हा सगळा प्रवास त्यांनी तीन मोबाइल फोनवर टिपला. त्याचाच ‘मिडनाइट ट्रॅव्हलर’ (२०१९) झाला.

निर्वासितांच्या बातम्या आपण पाहतो त्या होडी उलटल्यावर, कुंपणाशी लाठीमार झाल्यावर. बातमीचा कॅमेरा काहीतरी घडल्यावर येतो. इथला कॅमेरा मात्र काहीच घडत नसतानाही तिथेच असतो. छावणीत दिवस संपता संपत नाहीत. नर्गिस मायकल जॅक्सनच्या गाण्यावर नाचते. नवरा-बायको आपल्या कुठल्याही घरात भांडतील तसे भांडतात. फोन चौघांपैकी कुणाच्याही हातात असतो, त्यामुळे समोरचा माणूस ‘पोझ’ देत नाही. अंधारातली चित्रं फुटतात, हात हलतो. पण हे कुटुंब कुणाच्या दयेचा विषय होत नाही, ही या सिनेमाची मोठी कमाई आहे.

पण फोन सतत हातात असण्याची किंमतही हाच सिनेमा दाखवतो. वाटेत एकदा झहरा सापडेनाशी होते. हसन तिला शोधत फिरतो आणि त्या शोधातच क्षणभर त्याच्या मनात येतं, की हे चित्रित केलं तर काय प्रसंग होईल! पुढच्याच क्षणी त्याला स्वतःची किळस येते. मुलगी सुखरूप सापडते. हा शोध चित्रित झालेला नाही. तो फक्त आपल्या आवाजात आपल्याला सांगतो.

पूर्वी कॅमेरा मिळवणं हीच अडचण होती. आता तो बंद कधी करायचा हे ज्याचं त्याला ठरवावं लागतं. अपघात झाल्यावर मदतीला जाण्याआधी फोन बाहेर काढणारे हात आपण रोज पाहतो. त्यातला एखादा आपलाही असतो. आजीच्या आजारपणाची रील करावी की नाही, हा प्रश्न कुठल्याही दिग्दर्शकाला पडावा तितकाच मोठा आहे.

एक खटकणारी गोष्टही सांगायला हवी. बाप आणि दिग्दर्शक एकच असेल, तर मुलींनी ‘नको’ म्हणायचं कुणाला? त्यांच्याही हाती फोन होता, हे उत्तर मला अर्धंच वाटतं. शिवाय फोनमुळे चित्रीकरण सोपं झालं, तरी सिनेमा आपोआप होत नाही. काय ठेवायचं आणि काय गाळायचं हे ठरवण्याचं काम उरतंच, आणि इथे ते एमिली माहदाविआन हिच्या लेखनाने आणि संकलनाने पार पडलं आहे.

सत्याऐंशी मिनिटांत कितीतरी सीमा, छावण्या, चेहरे येऊन जातात. तरी संपल्यावर माझ्या डोळ्यांसमोर राहिला तो झहराचा शोध. पडद्यावर तो मी पाहिलेलाच नव्हता.