यंत्राचे ‘करू शकतो’ आणि टिळकांचे आत्मस्वातंत्र्य

यंत्राला इच्छास्वातंत्र्य देता येईल काय, हा प्रश्न मराठी वाचकाला अगदीच परका नाही. माणूस कर्माने बांधलेला असेल, तर ज्ञान मिळवणे तरी त्याच्या हाती आहे काय, असे टिळकांनी ‘गीतारहस्या’च्या दहाव्या प्रकरणात विचारले आहे. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेला हा ग्रंथ १९१५ साली प्रसिद्ध झाला. त्याच्याशेजारी मी जॉन मॅकार्थी यांना ठेवून वाचतो. ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’ हे नाव रूढ केले ते यांनीच.

पॅट्रिक हेज यांच्यासोबत १९६९ साली लिहिलेल्या निबंधात मॅकार्थींनी ‘करू शकतो’ या क्रियापदाला तर्काच्या भाषेत बसवण्याचा प्रयत्न केला. पुढे त्यांनी दोन पायऱ्या सांगितल्या. पर्यायांचे परिणाम ताडून एक निवडणे ही पहिली. ‘मी हे करू शकतो, पण करणार नाही’ असे स्वतःविषयी जाणणे ही दुसरी. बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम पहिल्या पायरीवरच थांबतो.

अकोल्याकडच्या कास्तकाराचे उदाहरण घेऊ. मृगात पऱ्हाटी पेरावी की सोयाबीन? पाऊस, भाव, खर्च मांडून प्रोग्राम एक पीक सुचवील. त्याची प्रत्येक पायरी आधीच ठरलेली असली, तरी त्याच्यापुढे पर्याय होते, असे मॅकार्थी म्हणतात. कार्यकारणाची साखळी न तोडता त्यांनी निवडीला जागा करून दिली, हे त्यांचे मोठे काम मी मानतो.

पण ‘चांगला परिणाम’ कशाला म्हणायचे, हे माप प्रोग्रामच्या हाती दुसऱ्याने दिलेले असते. टिळकांची कसोटी नेमकी इथे वेगळी पडते. वाटा किती, हे ते मोजत नाहीत. वासनेला आवरून बुद्धी शुद्ध करता येते काय, हे पाहतात. शिकणारे यंत्र स्वतःला बदलते खरे, पण ते दिलेल्या मापाकडेच सरकत जाते.

कास्तकाराची इच्छा तरी कुठे त्याची स्वतःची असते, असा आक्षेप येईल. कर्ज, घर, शेजार यांनीच ती घडवलेली असते. मान्य. तरीही तो एखाद्या वर्षी ‘मला हेच का पाहिजे?’ असे स्वतःला विचारून, नफा कमी असूनही घरच्या भाकरीपुरती ज्वारी पेरू शकतो. मॅकार्थींच्या आराखड्यात या प्रश्नाला जागा नाही. टिळकांचे उत्तर आत्म्यावर उभे आहे. ते सूत्रात मांडता येत नाही आणि ज्याला आत्मा मान्य नाही त्याला पटणारही नाही. म्हणून मी त्यांचा प्रश्न घेतो, उत्तर बाजूला ठेवतो.

हा शब्दांचा खेळ नव्हे. उद्या पीककर्जाचा अर्ज प्रोग्रामने फेटाळला आणि खिडकीवरचा माणूस ‘सिस्टीम घेत नाही’ म्हणाला, तर जाब कोणाला विचारायचा? यंत्राला स्वतंत्र म्हटले, की माप ठरवणारा माणूस अलगद सुटतो. म्हणून मॅकार्थींनी दाखवलेल्या गोष्टीला मराठीत ‘निवड’ म्हणावे. ‘स्वातंत्र्य’ हा शब्द, ज्याला आपले माप तपासता येते आणि त्याबद्दल जाब देता येतो, त्याच्यासाठी राखून ठेवावा.