लेखन सुधारायचं की लिहिणारा? : रायटिंग सेंटरच्या एका गाजलेल्या निबंधाबद्दल

एम.ए.ला असताना माझ्या लघुप्रबंधाच्या पहिल्या ड्राफ्टवर गाइडनी लाल पेनाने दोनच शब्द लिहिले होते : ‘इम्प्रूव्ह लँग्वेज’. कुठली लँग्वेज, कुठल्या पानावरची, हे विचारायची हिंमत झाली नाही. शेवटी कॉलेजसमोरच्या डीटीपीवाल्या काकांनी स्पेलिंगं नीट करून दिली आणि काम भागलं.

पुढे पीएच.डी.साठी अमेरिकेत आले. इथे विद्यापीठात रायटिंग सेंटर नावाची जागा असते. विद्यार्थ्याने आपला ड्राफ्ट घेऊन जायचं, एका ट्यूटरसोबत पाऊण तास बसायचं. पैसे पडत नाहीत. मला वाटलं, चला, भाषा सुधारून देणारे सापडले एकदाचे! पण ट्यूटरने माझे कागद हातातसुद्धा घेतले नाहीत. म्हणाली, ‘तूच मोठ्याने वाच.’ वाचलं. ‘इथे तुला काय म्हणायचंय?’ सांगितलं. ‘छान. मग ते इथे आलंय असं तुला वाटतं का?’ पाऊण तास हेच. बाहेर पडताना मनात एकच, मला माहीत असतं तर मी इथे कशाला आले असते?

ती अशी का वागली, ते बऱ्याच उशिरा कळलं. त्यामागे एक निबंध आहे. संशोधनाच्या तयारीत असलेल्या प्रत्येकाने तो वाचावा आणि त्याच्याशी थोडं भांडावं असं मला वाटतं.

निबंध आहे स्टीफन नॉर्थ यांचा, ‘द आयडिया ऑफ अ रायटिंग सेंटर’. १९८४ साली ‘कॉलेज इंग्लिश’ या नियतकालिकात तो आला. नॉर्थ चिडलेले आहेत, आणि त्यांचा राग आपल्याच इंग्रजी विभागातल्या सहकाऱ्यांवर आहे. हे सहकारी रायटिंग सेंटरला गॅरेज समजतात : विद्यार्थ्याचं व्याकरण बिघडलंय, पाठवा तिकडे, दुरुस्त होऊन येईल. नॉर्थ म्हणतात, आमचं काम कागद दुरुस्त करण्याचं नाही, लिहिणारा माणूस बदलण्याचं आहे. समोरचा ड्राफ्ट हे त्यासाठीचं निमित्त.

हे म्हणणं मला पटतं. डीटीपीवाल्या काकांनी माझा लघुप्रबंध सुधारला, पण मी होते तिथेच राहिले. पुढचा पेपर लिहायला बसले तेव्हा त्याच चुका, तीच भीती. शिवाय व्हायव्हाला काका सोबत येत नाहीत.

अडचण पुढे सुरू होते. नॉर्थ यांच्या तत्त्वाला इतरांनी पद्धतीचं रूप दिलं. १९९१ मध्ये जेफ ब्रुक्स यांनी ‘मिनिमलिस्ट ट्यूटरिंग’वर लेख लिहिला. सगळं काम विद्यार्थ्याकडून करून घ्यायचं, हा त्याचा गाभा. ट्यूटरने समोर न बसता शेजारी बसावं, कागद विद्यार्थ्याच्या जवळ असावा, मोठ्याने वाचायला सांगावं. उजव्या हाताने लिहिणाऱ्या ट्यूटरने विद्यार्थ्याच्या उजव्या बाजूला बसावं, म्हणजे त्याच्या कागदावर लिहिणं आपोआप अवघड होतं! हे वाचलं तेव्हा माझी पहिली ट्यूटर डोळ्यांसमोर आली. ती बिचारी नियमाने वागत होती.

या पद्धतीत एक गृहीतक लपलेलं आहे : उत्तर विद्यार्थ्याच्या आत आहे, योग्य प्रश्न विचारला की बाहेर येईल. विचारांच्या बाबतीत हे बरंचसं खरं आहे. पण संशोधन-लेखनाचे काही संकेत असतात, आणि ज्याने ते कधी पाहिलेच नाहीत त्याच्या आत ते असतील कुठून?

माझंच उदाहरण घ्या. माझा विषय शेततळी. प्रस्तावनेत मी आधी महाराष्ट्रातला दुष्काळ, मग २०१६ ची ‘मागेल त्याला शेततळे’ योजना, मग कोणी काय लिहिलंय, असं सगळं ओळीने मांडलं होतं. विहिरी-बोअरचं पाणी उपसून तळी भरली, की शेजारच्या विहिरींचं काय होतं, हा माझा खरा प्रश्न. तो आला पाचव्या पानावर! आपल्याकडे शाळेपासून हीच सवय आहे : आधी पार्श्वभूमी, मग महत्त्व, मग उद्दिष्टं, मुद्दा सर्वांत शेवटी. तीही एक रीतच आहे, पण इथली रीत वेगळी. ‘तुला काय म्हणायचंय’ हे ट्यूटरने दहादा विचारलं आणि दहाही वेळा मी बरोबर उत्तर दिलं. ते पहिल्या पानावर हवं, हे मात्र त्या प्रश्नातून मला कधीच कळलं नसतं.

तिसऱ्या खेपेला दुसरा ट्यूटर मिळाला, भाषाविज्ञानात पीएच.डी. करणारा. त्याने सरळ पेन्सिल उचलली आणि तीन चौकोन काढले. पहिला : या क्षेत्रात काय माहीत आहे. दुसरा : काय राहिलंय. तिसरा : मी काय करणार आहे. हा आराखडा जॉन स्वेल्स यांचा, ‘जॉनर अॅनालिसिस’ या त्यांच्या १९९० च्या पुस्तकात सविस्तर आहे. मग त्याने माझा दुसरा चौकोन स्वतः एका वाक्यात लिहूनही दाखवला. अर्थ असा : ‘मात्र ज्या गरीब शेतकऱ्यांकडे तळं नाही, त्यांच्या विहिरींकडे कमी लक्ष गेलं आहे.’

मी लगेच म्हटलं, ‘गरीब’ शब्द चुकला. माझ्या गावात तळं नसलेले सगळे गरीब नव्हते. काहींना चांगली जमीन तळ्यात घालवायची नव्हती. मी शब्द खोडला आणि वाक्य पुन्हा लिहिलं. त्याच्या चुकलेल्या वाक्यामुळे माझं वाक्य मला सापडलं. पुढच्या चॅप्टरची प्रस्तावना मी एकटीने लिहिली, तीन चौकोन काढून.

म्हणजे नियम मोडणाऱ्या ट्यूटरनेच नॉर्थ यांचं तत्त्व पाळलं.

हा वाद नवा नाही. १९९५ मध्ये लिंडा शमून आणि डेबोरा बर्न्स यांनी ‘अ क्रिटीक ऑफ प्युअर ट्यूटरिंग’ हा लेख लिहिला. जाणकाराने थेट हात घालून दाखवलं तरी विद्यार्थी शिकतो, असं त्यांचं म्हणणं. त्यासाठी त्या संगीताच्या मास्टरक्लासचा दाखला देतात. आपल्याला हे समजायला फार दूर जायला नको. तालमीला बसलेल्या शिष्याला गुरू ‘यमनबद्दल तुला काय वाटतं’ असं विचारून सुरुवात करत नाहीत. आधी गाऊन दाखवतात, शिष्य मागून म्हणतो, चुकतो, पुन्हा म्हणतो. स्वतःचं गाणं नंतर येतं, पण येतं याच वाटेने.

नॉर्थ यांच्याशी न्यायाने वागायचं तर एक सांगायला हवं : १९९४ मध्ये त्यांनी स्वतःच आपल्या निबंधाची फेरतपासणी केली. लिहिण्याच्या ओढीने आपणहून येणारा जो विद्यार्थी त्यांनी रंगवला होता, तो जरा जास्तच आदर्श होता, हे त्यांनी मान्य केलं. स्वतःचा इतका गाजलेला निबंध असा तपासायला धैर्य लागतं.

मग मदत कुठे थांबते आणि दुसऱ्याने लिहून देणं कुठे सुरू होतं? यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, हे आपल्याला पाठ असतं. पण सॉफ्टवेअर फक्त जुळणारे शब्द शोधतं, विचार कोणाचा हे त्याला कळत नाही. मी स्वतःला दोन प्रश्न विचारते. हे वाक्य व्हायव्हात मला लढवता येईल का? आणि असं पुढचं वाक्य मला एकटीला लिहिता येईल का? दोन्हींना ‘हो’ असेल तर ती मदत. नाहीतर डीटीपीवाले काका बरे, ते निदान स्पेलिंगपुरतेच थांबतात.

तुम्ही कुठे बाहेर शिकायला जाणार असाल, तर रायटिंग सेंटरमध्ये ‘जरा इंग्रजी बघा’ म्हणून जाऊ नका. एक पान न्या आणि एकच प्रश्न न्या : ‘माझा मुद्दा कुठल्या ओळीत दिसतो?’ ट्यूटर नुसते प्रश्नच विचारत राहिली, तर स्पष्ट सांगा : ‘मला ही रीत माहीत नाही. एक उदाहरण दाखवा, मग मी करते.’ यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

तुमच्या विद्यापीठात असं केंद्र नसेल, तर वर्गातल्या एकाला गाठा, शक्यतो तुमचा विषय नसलेल्याला. त्याच्यासमोर पहिलं पान मोठ्याने वाचा आणि तो कुठे अडतो ते बघा. आणि गाइडनी समासात ‘इम्प्रूव्ह लँग्वेज’ लिहिलंच, तर मी केली ती चूक करू नका. ड्राफ्ट घेऊन परत जा आणि नम्रपणे विचारा, ‘सर, नेमकं कुठलं वाक्य?’