मुद्रा, सूची आणि मालकी : नामदेव-गाथेच्या निमित्ताने

हिंगोली जिल्ह्यातील नर्सी हे परंपरेने नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. त्यांच्या नावावर छापली जाणारी गाथा मात्र एकाच कवीची नव्हे. सोळाव्या शतकातील विष्णुदास नामा याची रचना तीत मिसळली आहे, हे अभ्यासकांना ठाऊक आहे. तरीही कोणता अभंग कोणाचा, हा निर्णय 'नामा म्हणे' या मुद्रेवर सोपवून मोकळे होण्याची प्रवृत्ती अजून दिसते.

संगणकावरील एका साध्या आज्ञेशी ही पद्धत ताडून पाहण्यासारखी आहे. डेबियन प्रणालीत 'डीपीकेजी' या आज्ञेस मोठ्या 'एल'ची खूण व पॅकेजचे नाव जोडले, की त्या पॅकेजने बसविलेल्या फाइलींची यादी मिळते. मोठा 'एस' व फाइलीचा पथ दिल्यास ती कोणत्या पॅकेजची, हे कळते. यासाठी आज्ञा एकही फाइल उघडून वाचीत नाही. पॅकेज बसवितानाच त्याची यादी निराळी लिहून ठेवलेली असते. तीच ती चाळते. फाइल पुढे कोणी पुसून टाकली, तरी यादीत तिचे नाव राहते. उलट, बसविल्यानंतर प्रोग्रामने स्वतः निर्माण केलेली फाइल यादीत नसते. तिचा धनी विचारला, तर आज्ञा अंदाज न करता नकार देते. एकच निर्देशिका अनेक पॅकेजांच्या नावे निघते, हेही ध्यानात घ्यावे.

गाथेच्या शेवटी असते ती आद्यचरणांची अकारविल्हे सूची. अभंग कोठे आहे हे ती सांगते. कोणत्या बाडातून आला, हे सांगत नाही. आदिग्रंथाच्या १६०४ मधील संकलनात नामदेवांची म्हणून ६१ पदे घेतली आहेत. ही नोंद मोलाची खरी. पण ती विष्णुदास नाम्यानंतरची आहे आणि तीतील भाषा मराठी अभंगांची नव्हे. मराठी गाथेचा निवाडा तिच्यावरून होणार नाही.

भाषेची कसोटीही एकेरीच चालते. जुनी विभक्तिरूपे टिकली असतील, तर अभंग बहुधा जुना. परंतु रूपे नवी म्हणून रचना नवी, असे म्हणता येत नाही. गाणाऱ्याने व लेखकूने ती पिढ्यान्‌पिढ्या बदललेली असतात.